उशिरा वाजणारी तोफ

दुपारी दोन ते चार माझ्या दुकानात कोणी येत नाही. माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तेवढा वेळ सगळंच पेंगत असतं. हमाल पोत्यांवर आडवे होतात, समोरचा चहावाला बाकड्यावर पाय वर घेऊन बसतो, आणि वाइंडिंग करून वाळत ठेवलेल्या पाण्याच्या मोटारींना वार्निशचा गोडसर वास सुटतो. त्या वासाने मला गुंगी येते. झोप नव्हे, डोळे उघडे असतात. रस्त्यावरची धूळ उन्हात उभी असते, आणि तिच्याकडे बघता बघता ती दुसरीच धूळ होते. लांबवर एका विहिरीच्या तोंडातून उठणारी, पांढरी, बिनआवाजाची. आवाज अजून यायचा असतो.

त्या धुळीशी माझी ओळख झाली ती सैन्यभरतीत नापास झाल्यावर. मी एकोणीस वर्षांचा होतो. पळण्यात पहिल्या दहात आलो, उंची भरली, आणि छाती फुगवायला सांगितली तेव्हा अर्धा इंच कमी पडली. घरी जायला तोंड नव्हतं, म्हणून बीडजवळ विहिरी फोडणाऱ्या एका टोळीत राहिलो. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर, खडकाला भोकं, भोकांत सुरुंगाची दारू. भरायचं आणि उडवायचं काम परवानावाल्या मिस्त्रीचं. माझं काम वायर पसरायचं, मग लांब जाऊन लिंबाच्या झाडाखाली गाडीवाट अडवून उभं राहायचं. हातात लाल फडकं. तीन हाका द्यायच्या, "सुरुंग हाय रे होऽ!" तीन म्हणजे तीन. दोनच दिल्या तर मिस्त्री सुरुंग उडवत नसे, आणि चार दिल्या तर शिवी घालत असे.

तिसरी हाक विरली की शिवार गप्प व्हायचं. चरणारे बैल मान वर करायचे. मग विहिरीतून धूळ निघायची, तिच्यात दगड पाखरांसारखे वर जायचे, आणि कशालाच आवाज नसायचा. आधी पायाच्या तळव्याला काहीतरी कळायचं. मग कानाला. त्या मधल्या क्षणात मी कोण, कुठे नापास झालो, घरी काय सांगायचं, यातलं काहीच मला आठवत नसे. एवढी स्वस्थता मला पुढे पैशाने मिळाली नाही आणि देवळातही मिळाली नाही.

त्याच उन्हाळ्यात आक्काकडे तिच्या मुलीचं जावळ होतं. आक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर सिंदफणेच्या काठावर, आमच्या गावापासून दोन कोसांवर. दाजी, म्हणजे तिचे मालक, सैन्यात रणगाड्यावर गनर होते. तोफेचा नेम धरणारा आणि ती डागणारा माणूस. ते सुट्टीवर आले होते आणि पंगतीत हातात बुंदीची परात घेऊन स्वतः वाढत होते. शेजारच्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "पाव्हणं, सध्या काय करता?"

मी तोंडातला घास गिळेपर्यंत दाजींनीच उत्तर दिलं. "सुरुंगवाल्याकडं लाल फडकं हलवायलेत. सैन्यात घेतलं न्हाई ते बरं झालं. ह्याच्या हातानं तोफ काय, टिकल्याचं पिस्तूलबी सुटायचं न्हाई."

पंगत हसली. त्या म्हाताऱ्याच्या तोंडातली बुंदी माझ्या पत्रावळीवर उडाली, इतका तो हसला. मी उठलो. भरल्या पत्रावळीवरून उठणं हा अन्नाचा अपमान, घरधन्याचा त्याहून मोठा. मला दोन्ही करायचे होते. हात न धुता मी चालत बीडच्या रस्त्याला लागलो.

तेव्हापासून बावीस वर्षं मी त्या घरचं पाणी पीत आलो, घास खाल्ला नाही. गेलो तर ओट्यावर बसायचं, तांब्याभर पाणी घ्यायचं, "जेवूनच निघालतो" म्हणायचं. भाऊबीजेला आक्काच माझ्याकडे येऊ लागली. तिने कारण विचारलं नाही. तिला ते माहीत होतं. दाजींनाही माहीत असणार असं मी धरून चाललो.

मधल्या काळात मी माणूस झालो, तो कोणाच्या शिफारशीवर नाही. विहिरींवरून मोटारींकडे, मोटारींवरून स्टार्टरकडे, स्टार्टरवरून ऑटोकडे आलो. ऑटो म्हणजे लाइट आली की थोडं थांबून मोटर आपोआप चालू करणारी डबी. लोकांच्या जळलेल्या डब्या उघडून उघडून मी ती कला शिकलो. आज या भागातल्या कितीतरी उसाच्या मोटारी माझ्या डबीने सुरू होतात. भाव करायला माझ्यासमोर एकटा माणूस बसत नाही, सोबत कोणाला तरी घेऊन येतो. मी तापट आहे असं बाजारात म्हणतात. खोटं नाही ते. एकदा पाना भिरकावून स्वतःच्याच दुकानाची काच फोडली आहे.

आक्का आली ती अशीच दुपारी, दोन-चारच्या मधल्या गुंगीत. एसटीतून उतरून, गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लेकरासारखं कडेवर घेऊन.

"शटर अर्धं खाली घे."

"कावून?"

"घे म्हणते ना!"

तिने गोधडी सोडली. आत रणगाडा होता. हातभर लांब, दोन वीत रुंद. सायकलच्या चेनवर पत्र्याच्या पट्ट्या बसवून पट्टे केलेले. वरचा बुरुज जुनं पातेलं ठोकून केलेला. तोफेची नळी सायकलच्या पंपाची. आत गाडीच्या वायपरच्या दोन मोटारी आणि फवारणी पंपाची बॅटरी. प्रत्येक रिव्हेट रांगेत. मी कारागीर आहे, दुसऱ्याचा हात ओळखतो. हात चांगला होता, आणि त्यामुळेच मला राग आला.

"दाजींनी पाठवलाय?"

"त्यांना म्हणलं, रंग द्यायला नेते. दोन वर्षं लागलेत ह्याच्यामागं. चालतो, वळतो, बांध चढतो. पण तोफ मुकी हाय. लोकं म्हणत्यात, फौजी, ट्रॅक्टर भारी केलाय." ती हसली नाही. "त्यांचा डावा कान गेलाय. उजवाबी चाललाय. डॉक्टर म्हणला, तोफांनीच खाल्लाय. ह्या साली ऱ्हाईल, पुढच्या साली सांगता येत न्हाई. तवर एकदा हिला वाजू दे. तुझ्यावाचून दुसरा कोण करणार?"

मी रणगाडा उलटा करून आतल्या वायरी बघितल्या. मग माझ्यातला मोंढा बोलला. "करतो. पैसे घेणार न्हाई."

"मला ठाव होतं, तू..."

"पुढं ऐक. त्यांनी हितं यायचं. ह्या दुकानात, भर बाजारात. आन् पंगतीत बोलले तो शब्द मागं घ्यायचा. एवढाच भाव."

आक्का डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. "आरं, भैनीशी सौदा करायलास व्हय?"

"तुझ्याशी न्हाई, त्यांच्याशी. तू मधली दलाल."

"मग माझी दलाली?"

"सांग."

"तू घरी येऊन जेवायचं. पोटभर. आन् तो शब्द मी त्यांच्या कानावर घालणार न्हाई. तूच माग. मी मागितला तर त्यो तुझा ऱ्हाणार न्हाई."

बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, चारचौघांना कळू नये म्हणून. आक्काने पदर माझ्या हातावर टाकला आणि त्याच्याखाली माझं एक बोट दाबलं. सौदा पक्का झाला.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. दोन ते चार मी शटर अर्धं ओढून रणगाड्याशी बसू लागलो. उन्हाची एक पट्टी खालून आत यायची आणि फरशीवरून सरकत सरकत त्याच्या पट्ट्यांपर्यंत जायची. तेवढ्या वेळात मला वाटायचं की हे दुकान नाही, एक माळ आहे, आणि त्याच्यावर हे एवढंसं यंत्र कोणाचीतरी वाट बघत उभं आहे.

खेळण्यातल्या रणगाड्याची तोफ सुटते म्हणजे खरं तर काहीच सुटत नाही. चार खोट्या गोष्टी बरोबर जुळवाव्या लागतात, म्हणजे बघणाऱ्याला खरी वाटते. नळीच्या तोंडाशी उजेड. नळीचा मागे जाणारा धक्का. अख्ख्या गाडीला बसणारा हिसका. आणि आवाज. रिमोटची कांडी शेवटपर्यंत ढकलली की काडेपेटीएवढी एक सर्किटची पट्टी या चौघांना हुकूम देते. ती पट्टी मी केली. मोटारींच्या ऑटोत जी अक्कल घालत होतो, तीच इथे घातली. कोणी आधी, कोणी नंतर, कोणी किती थांबायचं.

नळी ओढायला लहानशी गिअरची मोटर बसवली. पहिल्यांदा नळी जेवढ्या वेगाने मागे गेली तेवढ्याच वेगाने पुढे आली. माझी बायको डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "शिलाई मशीन दुरुस्तीला आलंय व्हय?" मग मी नळीला झटक्यात मागे आणि सावकाश पुढे यायला शिकवलं. धुरासाठी आत धुपाचा खडा पेटवून बघितला, तर रणगाड्यातून देवळासारखा वास यायला लागला. "आता तुमी तोफ सोडा, मी घंटा वाजवते," असं म्हणून ती गेली. नंतर ग्लिसरीन, तापणारी बारीक तार आणि कॉम्प्युटरमधला एक छोटा पंखा, यांनी ते काम केलं.

सगळं जोडून पहिल्यांदा कांडी ढकलली तेव्हा उजेड चमकला आणि रणगाडा मेला. पुन्हा ढकलली, पुन्हा मेला. मी टेबलावर मूठ आपटली, आणि मग मला हसू आलं. शेजाऱ्याची मोटर चालू झाली की घरातला बल्ब बसतो, हे मी लोकांना रोज समजावून सांगतो. इथेही तेच झालं होतं. उजेड, धक्का आणि आवाज एकदम करंट ओढत होते, आणि हुकूम देणाऱ्या पट्टीला प्यायला काही उरत नव्हतं. पट्टीला वेगळी बॅटरी दिली. उजेडासाठी मोठा कपॅसिटर लावला, एकदम ओतायला आधीच भरून ठेवलेल्या घागरीसारखा. मग कधी मेला नाही.

राहिला आवाज. मोबाइलवर पाहिजे तेवढे तोफांचे आवाज मिळतात. मी शंभर ऐकले असतील. सगळे डब्यात दगड हलवल्यासारखे वाटले. एक दिवस दुकान बंद केलं आणि मोटरसायकल बीडजवळच्या पाली गावाकडे काढली. बिंदुसरा धरणाच्या अलीकडे एका शिवारात विहिरीचं काम चालू आहे असं कळलं होतं. जवळ उभा राहून टेप केलेला आवाज फाटला. दुसऱ्या सुरुंगाला मी लांब चढावर जाऊन बसलो. खाली गाडीवाटेवर कोणीतरी लाल फडकं धरून उभा होता. त्याने तीन हाका दिल्या. पाणी लांब चमकत होतं, वर एक घार होती. धूळ उठली. घार जागेवरून हलली नाही. माझ्या तळव्यांना कळलं, मग आवाज आला, मग डोंगराने तो परत केला. मी बराच वेळ मोबाइल बंद करायचा विसरलो. त्या टेपमध्ये शेवटी नुसतं वारं आहे. तेही मी कापलं नाही.

घरी येऊन आवाज कार्डावर भरला, बुरुजात बसवलेल्या स्पीकरसह पट्टीला जोडला, आणि काही विचार न करता, हाताच्या सवयीने, उजेडानंतर आवाजाला थोडं थांबवलं. उजेड, नळीचा धक्का, गाडीचा हिसका, आणि मग क्षणभर काहीच नाही. मग आवाज. ते मला इतकं बरोबर वाटलं की तिथे काही चूक असू शकते असं मनातही आलं नाही. मी आयुष्यात जेवढे सुरुंग पाहिले ते लिंबाखालून पाहिले होते. माझ्यासाठी दारू उडते ती अशीच.

रणगाडा घेऊन आक्काकडे गेलो तेव्हा दाजी अंगणात बाजेवर बसले होते. केस पांढरे, पाठ अजून ताठ. माझ्या हातात रणगाडा बघून त्यांनी आक्काकडे बघितलं.

"रंगाला नेला होतास ना गं?"

"आतून रंग दिलाय," आक्का मोठ्याने म्हणाली.

मी रणगाडा त्यांच्यासमोर चार हातांवर ठेवला. रिमोट स्वतःच्या हातात ठेवला. कांडी ढकलली. उजेड लखलखला, नळी मागे गेली, गाडी हिसका खाऊन मागे सरकली. क्षण गेला. मग तोफ वाजली. कोंबड्या उडाल्या, गोठ्यातल्या गाईने दावं ताणलं, शेजारच्या छपरावरून कोणीतरी ओरडलं. आक्काने तोंडावर पदर घेतला.

दाजींनी उजवा कान पुढे केला होता. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "उशीर झाला."

"काय?"

"तोफ आधी उडती आन् मग आठवण आल्यावर वाजती व्हय? बार आन् आवाज एकच असतोय, पाव्हणं. हे तर सुरुंगवाल्याचं काम झालं."

बावीस वर्षं. पुन्हा तेच अंगण. पुन्हा सुरुंगवाला. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर मी असा फेकला की तो चुलीजवळच्या गोवऱ्यांत रुतला.

"तुमी तोफेच्या आत बसत होता!" मी ओरडलो. "डोक्यात टोप, कानात बोळे, चारी बाजूनी लोखंड! तुमची तोफ बाहेरून कशी वाजायची ते तुमाला काय ठाव? मी बाहेर उभा होतो. जल्मभर बाहेरच उभा होतो. बाहेरून अशीच वाजती!"

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून मारतील. मला ते चाललं असतं.

"दुसऱ्यांच्या तोफा ऐकल्यात," ते हळू म्हणाले. बहिरा होत चाललेला माणूस कधी हळू बोलत नाही. ते बोलले. "उभा ऱ्हायलोय त्यांच्या शेजारी. पण माझी न्हाई ऐकली. माझी वाजली की आत नुसता दणका. गोळ्याचं रिकामं नळकांडं मागं पडल्याचा खणखणाट, आन् नाकात धूर. बाहेर काय व्हायचं ते सोबतच्यांना ठाव."

ते उठले. काठी न घेता अंगण ओलांडून, कपाशीच्या बांधाने चालत, पार टोकाच्या लिंबापर्यंत गेले. तिथे वळून उभे राहिले आणि हात वर केला.

मी कांडी ढकलली. इथून आवाज माझ्या पोटरीत शिरला. तिथे तो केवढा पोहोचला असेल, पोहोचला की नाही, मला सांगता येत नाही. दाजींनी पुन्हा हात वर केला. मी पुन्हा तोफ डागली. कपाशीची बोंडं फुटली होती. सगळं रान पांढरं होतं आणि त्याच्या पलीकडे तो माणूस, एक कान आमच्याकडे करून, एखाद्या हाकेची वाट बघावी तसा उभा होता. तिसऱ्यांदा हात वर आला. त्यानंतर ते बराच वेळ तिथेच राहिले. धूर विरला, कोंबड्या परत आल्या, तरी ते आले नाहीत.

आले तेव्हा एवढंच म्हणाले, "ठिव हितंच." आणि रणगाडा उचलून आत गेले.

आक्काने ताट वाढलेलं होतं. मी म्हणालो, "शब्द मिळाला न्हाई." ती म्हणाली, "तू मागितला कुठं? तू वरडलास." मी तांब्याभर पाणी प्यालो आणि निघालो. गाडीवर अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की तिचं खरं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात उजवा कान गेला. आक्काने फोनवर सांगितलं. मी काम करत होतो ते थांबवलं आणि बाहेर बघितलं. धूळ उभी होती. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं लिहायचं तर त्याच्याआधी दुसरंच मनात आलं, की आता सौदा बुडाला. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याकडून शब्द मागायचा कसा?

बाजाराच्या दिवशी दाजी स्वतः दुकानात आले. दुकान भरलेलं होतं. दोघं मोटर घेऊन आलेले, एक जण भाव करत, चहावाला कप घेऊन दारात. दाजी स्टुलावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात म्हणाले, "ही म्हणली, तुला माझ्याकडं काय तरी मागायचंय. माग."

दलालाने माल दारात आणून उभा केला होता. मी म्हणालो, "आत चला." त्यांनी सवयीने कानामागे हात धरला, नजर माझ्या ओठांवर, "काय म्हणलास?"

माझी मान तापली. मी ओरडलो, "तुमी पंगतीत म्हणला होता!"

"पंगत? कुणाची पंगत?"

भाव करणाऱ्याने मान वळवली. मी आणखी मोठ्याने ओरडलो, "जावळाच्या पंगतीत! माझ्याबद्दल म्हणला होता!"

"जावळ? तिचं तर लगीनबी झालं की! तू आलतास की लग्नाला. जेवला न्हाईस."

चहावाल्याने कप खाली ठेवला. बाहेरचे हमाल आत डोकावू लागले. बावीस वर्षं मी जे कोणाला, स्वतःच्या बायकोलाही, सांगितलं नव्हतं, ते आता मला सगळ्या मोंढ्याला ऐकवावं लागणार होतं. नाहीतर सोडून द्यावं लागणार होतं. सोडणं माझ्या स्वभावात नाही. छाती भरून घेतली. ती आता अर्धा इंच कमी नाही.

"तुमी म्हणला होता, ह्याच्या हातानं तोफ काय, टिकल्याचं पिस्तूलबी सुटायचं न्हाई!"

बाजार गप्प झाला. दाजी माझ्या ओठांकडे बघत होते. दारातल्या उन्हात धूळ उभी होती आणि मला तिच्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"मी म्हणलतो?" दाजी म्हणाले.

मी मान हलवली.

"मला आठवत न्हाई रे."

मागून चहावाला म्हणाला, "फौजी, तुमाला नसंल आठवत, आमच्या मात्र आता कायमचं ध्यानात ऱ्हाईल." आणि सगळे हसले. पंगत हसली होती तसेच. दाजींना ते हसणं ऐकू आलं नाही. ते माझ्याच तोंडाकडे बघत होते.

"म्हणलं असंल," ते म्हणाले. "रणगाड्यात वरडून बोलायची सवय. सुट्टीवर आलो की घरीबी तसंच. कुणाला काय लागलं, मागं वळून कधी बघितलं न्हाई. चूक बोललो. तोफ सुटली तुझ्या हातानं. मी बघितली." आणि त्यांनी पंजा पुढे केला, काहीतरी परत घ्यायचं असावं तसा. "आण. मागं घेतला शब्द."

मी त्या पंजावर काय ठेवणार? माझा हात ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण भाव येईल म्हणून वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला माल विकायला काढावा, आणि तो माल मुळात त्याचाच होता हेच समोरच्याला आठवू नये, तसं काहीसं झालं. मी ते रोज आठवलं, त्यांनी एकदाही नाही. तो राग अजून आहे. त्याचा हिशेब कोणाकडे मागायचा ते मला कळत नाही. समोर आलेल्या गिऱ्हाइकाला त्या दिवशी मी जरा कमी भावात मोटर दिली, एवढं मात्र झालं. त्याला वाटलं असणार, त्याने भाव पाडला.

दलाली चुकवायला रविवारी आक्काकडे गेलो. तिने ओसरीवर पाट मांडला होता. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा, कांदा. तिने वाढलं आणि समोर बसून राहिली, मी उठून जाईन या भीतीने दारात पाय आडवा टाकून.

दाजी अंगणात रणगाड्याजवळ मांडी घालून बसले होते. रिमोट डाव्या हातात, उजव्या हाताचा तळवा बुरुजावर ठेवलेला. मी विचारलं, "उशीर काढून टाकू का? उजेड आन् आवाज एकदम करून देतो, पाच मिंटाचं काम हाय." त्यांना कळलं नाही, म्हणून बोटांनी खूण करून दाखवली.

"नको, नको," ते घाईने म्हणाले. "काढू नको. मला उजेड दिसतोय. मग हाताला आवाजाचा दणका कळतोय. मधी जरा थांबायला मिळतं." ते थोडे हसले. "त्येवढ्यात वाटतं, अजून यायचाय."

त्यांनी कांडी पुढे ढकलली. उजेड लखलखला, नळी मागे गेली, आणि माझा घास धरलेला हात तोंडाशी थांबला. आक्का थांबली. गोठ्यातली गाय मान वर करून थांबली. दाजींनी उजेड बघून डोळे मिटले होते, आणि तळवा पत्र्यावर सपाट.